थिनरचा वास आणि आण्णांचे कान

गेल्या महिन्यात आण्णांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या एका छोट्या खोलीत त्यांना बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, एवढंच काम. मी काचेच्या बाहेर उभी होते. तपासणी करणारी मुलगी कागदावर एकेक ठिपका टाकत होती आणि आण्णा बटणावर अंगठा ठेवून मान खाली घालून बसले होते, तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. ठिपके खाली खाली चालले होते. आण्णांचा अंगठा हलत नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करायचा?"

मी ते आण्णांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

"डेंटिंग-पेंटिंग. गॅरेज हाय आमचं."

"किती वर्षं?"

"अडतीस."

"म्हणजे हातोडा, ग्राइंडर, कंप्रेसर," असं म्हणत डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, थिनरपण लिहा ना."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, क्षणभर थांबले आणि लिहिलं. आण्णांनी मात्र घरी येताना रिक्षात विचारलं, "थिनरचा नि कानाचा काय संबंध गं?" रिक्षाच्या आवाजात मला ते त्यांना नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहितेय. आण्णांना आता नीट ऐकू येत नाही, पण वाचता अजून चांगलं येतं.

आमचं गॅरेज कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात. १९७९ साली आण्णांनी पत्र्याचा तो गाळा भाड्यानं घेतला. डावीकडं लेथ, उजवीकडं फाउंड्रीला लाकडी पॅटर्न करून देणारे सुतार, मध्ये आम्ही. आण्णा, एक मिस्त्री आणि हाताखाली दोन पोरं. बजाजच्या स्कूटरी, मॅटाडोर टेम्पो, अँबॅसिडर, कधीतरी एखादी लग्नाची जीप. डेंट काढायचा, पत्रा घासायचा, रेड ऑक्साइड, मग पुट्टी, मग पाणी मारत वॉटर पेपर, सरफेसर, परत पेपर, आणि शेवटी गननं रंगाचे हात. रंग म्हणजे एनसी, नायट्रोसेल्युलोजचा. त्यात जवळजवळ तेवढंच थिनर ओतायचं. रंग बरोबर पातळ झाला का हे आण्णा काठीनं बघायचे. काठी बुडवून वर धरली की थेंब सुटे सुटे पडायला पाहिजेत, धार लागली तर अजून जाड आहे.

शेवटचे हात रात्रीच मारले जायचे, कारण दिवसभर उद्यमनगरात धूळ उडत असते आणि ओल्या रंगावर एक कण बसला तरी तो आरशावरच्या डागासारखा दिसतो. जेवण झालं की आण्णा परत गाळ्यावर जायचे, जमिनीवर पाणी शिंपडायचे, शटर निम्मं खाली ओढायचे आणि काम सुरू. वारा नको, धूळ नको, म्हणून शटर खाली. म्हणजे जो काही वास उठायचा तो सगळा आत. तोंडाला ओला पंचा बांधलेला असायचा. त्या पंचानं रंगाचे तुषार अडायचे हे खरं. दुसऱ्या दिवशी आई तो धुवायची तेव्हा तो कधी मरून तर कधी आकाशी झालेला असायचा. पण वाफ कापडातून सरळ आरपार जाते.

आम्ही सगळे त्याला थिनर म्हणायचो. ते खरं तर मिश्रण असतं. त्यात निरनिराळी द्रावकं, म्हणजे रंग विरघळवणारी द्रवं, असतात आणि एनसी थिनरमध्ये त्यातला एक मोठा भाग टोल्युईनचा. लहानपणी मला आवडणारा, शाळेच्या दप्तराला आणि आण्णांच्या स्वेटरला कायमचा चिकटलेला जो वास, त्यातला गोडसर भाग त्याचाच.

गाळ्यात आत अंबाबाईचा फोटो होता. पण दिवा आणि उदबत्ती कधीच आत लागली नाही. संध्याकाळी आण्णा बाहेर जाऊन रस्त्याकडच्या कट्ट्यावर उदबत्ती खोचायचे आणि तिथूनच आत फोटोकडं बघून हात जोडायचे. मी विचारलं होतं एकदा. तेव्हा त्यांनी ते स्वतः काम शिकत होते त्या गॅरेजातली गोष्ट सांगितली. एका कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह पेटलेला, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाच्या तरी हातून थिनरचा डबा लवंडलेला. मध्ये चांगलं पंधरा फुटांचं अंतर. "आग स्टोव्हकडनं आली, जमिनीवरनं. निळी. पळत आली, उंदीर पळतो तशी." आण्णा त्या दिवशी टेम्पोच्या टपावर चढून काम करत होते म्हणून वाचले. त्यांच्या मिस्त्रींच्या दोन्ही पोटऱ्या भाजल्या.

पुढं पुस्तकात मला त्याचं उत्तर मिळालं. टोल्युईनची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते, पाण्यासारखी सखल जागा शोधते. ठिणगी मिळाली तर पेट घेण्याइतकी वाफ सुटायला त्याला साधारण ४ अंश सेल्सिअस तापमान पुरतं, म्हणजे कोल्हापुरातली थंडीतली पहाटसुद्धा त्याच्या दृष्टीनं उन्हाळाच. हवेत शेकडा एक-सव्वा भाग वाफ झाली की ती पेटू शकते. आण्णांनी यातला एकही आकडा न वाचता उदबत्ती कट्ट्यावर नेली होती.

पावसाळ्याचं वेगळंच दुखणं. जुलैत कोल्हापूरला सूर्य दिसायची मारामार. अशात एनसी रंग मारला की चकचकीत काळ्या टाकीवर बघता बघता दूध सांडल्यासारखी पांढरी छटा चढायची. गिऱ्हाइकाला वाटायचं रंग भेसळीचा आहे. आण्णा त्याला समजावून थकायचे. गंमत अशी की दोष रंगाचा नसून उडून जाण्याच्या घाईचा असतो. थिनरमधली जी द्रावकं झटकन उडतात ती उडताना पत्र्यातली उष्णता घेऊन जातात, पत्रा गार पडतो, आणि पावसाळी हवेतलं बाष्प त्या गार पत्र्यावर धरतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच. ते पाणी ओल्या रंगात शिरलं की रंग फाटतो. यावर उपाय म्हणजे सावकाश उडणारं थिनर. टोल्युईन हे मधल्या चालीचं, इथाइल ॲसिटेटइतकं उतावळं नाही आणि झायलिनइतकं रेंगाळणारंही नाही, ११०.६ अंशाला उकळतं. रंग नीट पसरेपर्यंत थांबतं, मग निघून जातं. रंगाऱ्यांना ते एवढं सोयीचं का वाटलं त्याचं कारण हेच. आण्णा आभाळ बघून ठरवायचे, आज कुठला डबा उघडायचा. ती त्यांची विद्या होती आणि मला तिचा आजही अभिमान आहे.

आई म्हणायची, आण्णा बोळाच्या तोंडाशी आले की घरात वास पोचतो. आण्णा विचारायचे, "कसला वास?" आम्हाला वाटायचं ते मुद्दाम म्हणतात. त्यांना खरंच येत नसायचा. माणसाचं नाक सुरुवातीला फार प्रामाणिक असतं, टोल्युईन हवेत अगदी थोडं असतानाच ते ओरडून सांगतं. पण तोच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक सांगायचं थांबवतं. हवेतलं टोल्युईन तेवढंच असतं, कदाचित वाढलेलंही असतं. आण्णा रात्री अकराला शटर वर करून बाहेर यायचे तेव्हा त्यांचं डोकं जड झालेलं असायचं, कधी कधी पाय अडखळायचे, आणि बोळातल्या बायका काहीबाही बोलायच्या. आण्णांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ते अडखळणं थिनरचं होतं. हे मला आईच्या हयातीत कळायला हवं होतं, तिनं त्या बोलण्याचा फार त्रास करून घेतला.

आणि एक प्रसंग आहे, तो सांगायचा की नाही यावर मी बराच विचार केला. आमच्याकडं हाताखाली एक पोरगा होता, पंधरा वर्षांचा. हुशार, हात अतिशय हलका. पुट्टी अशी लावायचा की पेपर कमी लागायचा. तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत गाळ्याच्या मागं जाऊन बसायला लागला. एक दिवस आण्णा मागं गेले तर तो भिंतीला टेकून, तोंडावर चिंधी धरून बसलेला. डोळे उघडे, पण ओळख नाही. आण्णांनी हाक मारली तर तो हसला. आण्णा सांगतात, "त्या हसण्याची मला लई भीती वाटली." त्यांनी त्याला मारलं नाही. रस्त्यावर मोकळ्या हवेत आणून बसवलं, संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या लेथवाल्यांना हात जोडून त्याला तिकडं कामाला लावलं. त्या दिवसापासून थिनरच्या डब्याला कुलूप लागलं. तो पोरगा आज स्वतः टर्नर आहे.

त्याचं नशीब. स्टँडवर, स्टेशनवर रुमाल तोंडाशी धरून बसलेली पोरं आपण सगळ्यांनी बघितली आहेत आणि सगळे नजर फिरवून पुढं गेलो आहोत. त्या रुमालात पुष्कळदा टोल्युईनच असतं, चिकटवायच्या सोल्यूशनमधून किंवा थिनरमधून आलेलं. ते चरबीत विरघळतं, म्हणून मेंदूत पटकन पोचतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत नेणाऱ्या तारांवरचं आवरण, झिजत जातं. चालणं जातं, बोलणं जड होतं, आठवण जाते. कधी कधी तर एवढा वेळही मिळत नाही. हृदयाची लय बिघडून पोर जागच्या जागी जातं. हे नशेखोर पोराचं पाप म्हणून सोडून देता येत नाही. भूक आणि थंडी विसरायचं सगळ्यात स्वस्त औषध म्हणून ते त्यांच्या हाती लागलेलं असतं.

मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं. प्रयोगशाळेत टोल्युईनची बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा शेजारची मैत्रीण नाक दाबून मागं सरली आणि मी तिथंच उभी राहिले. मला घरची आठवण आली. सातच कार्बन आणि आठ हायड्रोजन, दुसरं काहीही नाही. बेंझीनच्या षटकोनी कड्याला एक मिथाइल गट लटकवलेला. नाव आलंय कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या सांतियागो दे तोलू या गावावरून. तिकडच्या एका झाडाचा सुगंधी चीक 'तोलू बाल्सम' म्हणून युरोपात जायचा, खोकल्याच्या औषधात पडायचा. १८४१ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी सेंत-क्लेअर देव्हील यांनी तो चीक तापवून त्यातून हे द्रव वेगळं काढलं. खोकल्याच्या औषधाच्या झाडाचं नाव थिनरला मिळालं, हे आण्णांना सांगितल्यावर ते बराच वेळ मान हलवत होते.

त्या एका लटकणाऱ्या मिथाइल गटाचे आपल्यावर केवढे उपकार आहेत! बेंझीन शरीरात गेलं की यकृताला त्या कड्यावरच हल्ला करावा लागतो आणि त्यातून जी रसायनं तयार होतात ती हाडातल्या मगजापर्यंत पोचून रक्ताचा कर्करोग करू शकतात. टोल्युईनला मात्र बाजूला एक सोपं हँडल असतं. यकृत तेवढंच धरतं, त्याचं बेंझोइक आम्ल करतं, त्याला ग्लायसिन जोडतं आणि हिप्युरिक आम्ल म्हणून लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून टोल्युईन बेंझीनसारखं कर्करोगकारक मानलं जात नाही. पण यावरून ते निरुपद्रवी ठरत नाही. शिवाय बाजारातल्या स्वस्त द्रावकात बेंझीन मिसळलेलं असू शकतं, आणि डब्यावर ते लिहिलेलं नसतं.

माझ्या भावाला, दादाला, यातलं दुसरंच टोक आवडतं. तो गाड्यांचा वेडा. टोल्युईन पेट्रोलमध्ये असतंच, कच्च्या तेलापासून रिफायनरीत पेट्रोल बनवताना ते तयार होतं, आणि दाबाखाली वेळेआधी न पेटण्याचा त्याचा गुण पेट्रोलपेक्षा कितीतरी वरचढ. १९८८ साली फॉर्म्युला वनमध्ये होंडाचं जे टर्बो इंजिन मॅक्लारेनच्या गाडीत होतं, त्याच्या इंधनात ८४ टक्के टोल्युईन होतं आणि उरलेलं हेप्टेन. दीड लिटरचं इंजिन. आयर्टन सेना आणि अलँ प्रोस्ट या दोन चालकांनी मिळून त्या वर्षीच्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. पेट्रोलच्या मानानं टोल्युईनची वाफ सावकाश होते म्हणून ते इंधन इंजिनात सोडण्याआधी गरम करावं लागायचं. दादा हे सगळं आण्णांना हातवारे करून सांगतो. आण्णांचा प्रश्न एकच असतो, "म्हणजे थिनरवर पळवली?" यावर माझं दादाला कायम सांगणं आहे, की हे गिऱ्हाइकांपुढं बोलू नकोस. द्रावकं स्वस्त पडली की ती पेट्रोलमध्ये ओतणारे लोक आपल्याकडं होते आणि आहेत. त्यासाठी केंद्र सरकारला २००० साली द्रावकांच्या साठ्यावर आणि विक्रीवर वेगळा आदेश काढावा लागला. शर्यतीचं इंजिन त्या इंधनासाठी घडवलेलं असतं, तुमची स्कूटर नसते.

माझी पहिली नोकरी मसाले तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, मिरची पुडीतला ओलावा काढ. मी ओव्हनकडं निघाले तर बाईंनी थांबवलं आणि कपाटातून टोल्युईनची बाटली काढून हातात दिली.

ओव्हनमध्ये मसाला वाळवला तर पाण्याबरोबर त्याचं सुगंधी तेलही उडतं आणि वजनातली सगळी घट पाण्याच्या नावावर पडते. म्हणून मसाल्यांसाठी ही जुनी आणि फार देखणी पद्धत आहे. गोल बुडाच्या चंबूत ४० ग्रॅम पूड घ्यायची, ती बुडेल एवढं टोल्युईन ओतायचं, वर एक बारीक खुणांची नळी आणि त्यावर थंड पाण्याचा कंडेन्सर. खाली उष्णता दिली की टोल्युईन उकळताना पुडीतल्या पाण्याला हाताला धरून वर घेऊन जातं. वर दोघंही गार होतात, थेंब होऊन नळीत पडतात आणि तिथं एकमेकांना सोडतात, कारण ती एकमेकांत विरघळत नाहीत. पाणी जड, ते तळाला बसतं. टोल्युईन हलकं, ते वर तरंगतं आणि नळी भरली की परत चंबूत ओघळतं, आणखी पाणी आणायला. चंबूतलं टोल्युईन एव्हाना मिरचीचा रंग उतरून लालभडक झालेलं असतं, पण नळीत येतं ते काचेसारखं स्वच्छ. कंडेन्सरच्या भिंतीला एखादा पाण्याचा थेंब चिकटून राहतो, तो लांब तारेनं हळूच खाली ढकलायचा. मग नळीतली रेघ वाचायची. मिरची पुडीला ओलाव्याची मर्यादा ११ टक्के. ४० ग्रॅमला ४.४ मिलिलिटर. त्याच्या वर गेलं की पूड नापास, कारण तेवढ्या ओलाव्यात बुरशी धरते आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन येतं, ते यकृताला घातक.

एकदा एका बचत गटाच्या बायका नमुना घेऊन आल्या होत्या. आमच्याकडं डंकावर चटणी कुटून वर्षाची बेगमी करतात, तशी त्यांनी विक्रीसाठी साधी मिरची पूड कुटली होती. मिरची वळवाच्या पावसात सापडलेली. नळीतली रेघ बरोबर ५ वर थांबली, साडेबारा टक्के. मी त्यांना ती नळीच दाखवली. त्यातल्या एक मावशी वाकून बघत म्हणाल्या, "एवढं पाणी आमच्या चटणीत?" तळाशी पाणी, वर टोल्युईन, मधली रेघ अगदी ठसठशीत. त्यांनी माल परत नेऊन वाळवला. कागदावरचा साडेबाराचा आकडा त्यांना पटला असता असं मला वाटत नाही.

याच प्रयोगशाळेत पुढं मसाल्याच्या पाकिटांचं काम आलं. छापील पाकिटाच्या शाईत द्रावक असतं, छपाईच्या मशीनवर ते नीट वाळलं नाही तर थोडं फिल्ममध्येच अडकून राहतं आणि हळूहळू आतल्या मसाल्यात उतरतं. पाकिटाचे तुकडे बंद कुपीत गरम करायचे, वरची हवा गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वाफेतली रसायनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या यंत्रात सोडायची, आणि त्याच्या आलेखात टोल्युईनच्या जागेवर शिखर उमटतंय का ते बघायचं. २०२० साली भारतीय मानक ब्युरोनं अन्नाच्या पाकिटांवरच्या शाईचं मानक, आयएस १५४९५, सुधारलं आणि टोल्युईन वापरायला मनाई केली. मला त्याचा मनापासून आनंद झाला. खाणाऱ्यापर्यंत चिमूटभर जाणारं टोल्युईन थांबलं. पण त्याहून जास्त मला आठवण आली ती मशीनशेजारी आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या छपाई कामगारांची.

कारण कानाचं कोडं उलगडायला जे अभ्यास उपयोगी पडले त्यातला एक अशाच कामगारांवरचा आहे. ब्राझीलमधल्या ग्रॅव्ह्युअर, म्हणजे कोरीव रुळावरून छपाई करणाऱ्या, छापखान्यांतल्या कामगारांची श्रवणशक्ती तपासली गेली, तो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लघवीत हिप्युरिक आम्ल जास्त, म्हणजे ज्यांच्या अंगात टोल्युईन जास्त गेलं होतं, त्यांच्यात ऐकू कमी येण्याची शक्यताही जास्त आढळली. उंदरांवरच्या प्रयोगांत तर ते आणखी स्पष्ट दिसलं. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते, तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यातल्या बाहेरच्या रांगांचं काम बारीक आवाज वाढवून देण्याचं. टोल्युईन या पेशी मारतं. आवाजाची आणि टोल्युईनची गाठ पडली की नुकसान नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतं. आणि या पेशी गेल्या की परत उगवत नाहीत. युरोपात २००३ च्या आवाजविषयक निर्देशात मालकांना हेही तपासायला सांगितलं आहे, की कामगाराच्या कानावर आवाजाबरोबर असं एखादं रसायनही काम करतंय का.

आण्णा, तुम्ही विचारलेला संबंध हा असा आहे. एका बाजूनं हातोडा नि कंप्रेसर, दुसऱ्या बाजूनं थिनर, आणि मध्ये निम्मं ओढलेलं शटर. तुमचा कान नक्की कशानं गेला हे आज कुणी सांगू शकणार नाही. वयही आहेच. पण कागदावर तो शब्द असायला हवा होता आणि तो आता आहे.

आपल्याकडं कारखाना कायद्याच्या परिशिष्टात टोल्युईनची मर्यादा लिहिलेली होती, आठ तासांसाठी हवेत १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांची संस्था ती २० वर आणा म्हणते. पण आण्णांच्या काळात तो कायदा लागू व्हायलाच विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसं लागायची आणि आमच्या गाळ्यात होती चार. १०० काय आणि २० काय, आमची हवा मोजायला कुणी येणारच नव्हतं. उद्यमनगरातले, नाना पेठेतले, कुर्ल्यातले असे किती गाळे असतील, तीन-चार माणसांचे! तिथल्या एकाही माणसाच्या कानाची तपासणी कामाच्या नावानं झालेली नसेल. मला याचा राग येतो आणि तो यायलाच पाहिजे असं मला वाटतं.

लघवीच्या तपासणीबद्दलही एक सांगते, कुणी करून घेणार असेल तर. लोणची, जॅम, थंड पेयं टिकवायला सोडियम बेंझोएट घालतात, त्याचंही शरीरात हिप्युरिक आम्लच होतं. म्हणजे दुपारी बाटलीतलं थंड पेय प्यायलेला माणूस कागदावर थिनर ओढलेला दिसू शकतो. आदल्या दिवसापासून हे टाळा, किंवा टोल्युईनपासूनच शरीरात होणारं ऑर्थो-क्रेसोल मोजणारी तपासणी मिळाली तर ती जास्त भरवशाची.

गॅरेज आता दादा बघतो. एनसीचं काम कमी झालंय, पण जुन्या स्कूटरी येतात, आणि गन धुवायला थिनर लागतंच. (पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असतं, त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो विषय स्वतंत्र आहे, त्यावर पुन्हा लिहीन.) शटर आता पूर्ण वर असतं आणि मागच्या भिंतीला जमिनीलगत एक्झॉस्ट फॅन बसवलाय. जमिनीलगत का, हे वर आलंच आहे. मी त्याला सक्रिय कोळशाच्या डब्या लावलेला मास्क आणून दिला. धुळीचा साधा मास्क वाफेला अडवत नाही, हे त्याला आधी पटेना. मग म्हणाला, डबी कधी बदलायची? वास यायला लागला की?

मी म्हटलं, वासावर नाही. आण्णांना कुठं येत होता वास?

आता तो डबी उघडली की पांढऱ्या मार्करनं तिच्यावर तारीख लिहितो आणि रोजचे तास खाली रेघा मारून मोजतो. परवा रविवारी आण्णा नवीन मशीन कानात घालून गाळ्यावर आले. मास्क खिळ्याला टांगलेला होता. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा वर सरकवून त्या रेघा मोजल्या आणि दादाला म्हणाले, "ही भरली की रे. दुसरी काढ."